त्या दिवशी उकडत नव्हतं

यंदाच्या हंगामातला पहिला चरक परवा आमच्या मळ्यात उभा राहिला. लोखंडी लाटा, म्हणजे ऊस पिळणारे रूळ, एकमेकींवर घासल्या, बैलांनी पहिला फेरा घेतला, आणि उसाची मोळी लाटांच्या तोंडात जाताच जो कडकड आवाज झाला तो ऐकून मी ओसरीवरून उठून आत गेलो. घरच्यांना याची सवय आहे. गुऱ्हाळ सुरू झालं की मी आत जातो, दार लोटून घेतो. बारामतीत माझ्याबद्दल असं बोलतात की आबासाहेब मनाचे मऊ. मेव्हण्याचं मरण डोळ्यांनी पाहिलं तेव्हापासून त्यांना गुळाच्या काहिलीचा वास सोसत नाही.

वास सोसत नाही हे खरं. बाकीचं खरं नाही, आणि ते मी इथं लिहिणार आहे.

उसाचा हंगाम गोड असतो असं ऊस नुसता खाणारे म्हणतात. ज्यांच्या रानात तो उभा असतो त्यांना माहीत असतं की या पिकाची सगळी कामं कापायची, चिरडायची आणि उकळायची. पाचटानं हातांवर, गालांवर बारीक चिरा पडतात आणि त्या चिरांत घाम उतरतो. फड तोडत तोडत शेवटचा तुकडा उरला की आत कोंडलेली रानडुकरं बाहेर फुटतात. चारी बाजूंनी माणसं काठ्या-कोयते घेऊन उभी असतात, कुत्री आधीच पिसाळल्यासारखी झालेली असतात. लहानपणी त्या कडेला उभा राहून मी घसा बसेपर्यंत ओरडत असे. चरकावर ऊस घालणाऱ्याचं बोट लाटांत गेलं, तर बैल थांबवेपर्यंत ते आणखी एक पाऊल टाकतातच. आमच्याकडे अशी अर्ध्या पंजाची माणसं होती. ती काहिलीखालच्या चुलवणात चिपाडं सारायच्या कामाला बसत. आणि उन्हाळ्यात कालव्याच्या पाण्याची पाळी चुकली की पाटावर डोकी फुटत. रक्त पाटातून वाहत जाऊन शेजाऱ्याच्या सरीत उतरलेलं मी पाहिलं आहे. मारामारी आमच्याकडे हंगामाबरोबर येई आणि हंगामाबरोबर जाई. मला ती कधी परकी वाटली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं ते घटकाभर वेड लागल्यानं केलं, असं कुणाला वाटू नये.

हे सगळं लिहायला बसायचं कारण यशवंतराव. ते आता पुण्याच्या शेतकी कॉलेजात, मी शिकलो त्याच विभागात शिकवतात. विद्यार्थी होते तेव्हापासून त्यांनी एक काम अंगावर घेतलेलं आहे: विभागातून शिकून बाहेर पडलेली माणसं शोधायची, ती कुठं राहतात, काय पिकवतात ते विचारायचं, आणि वर्षातून एकदा सगळ्यांना विभागात परत आणायचं. आता त्याचं रीतसर मंडळ झालं आहे. मंडळाचा वार्षिक अंक निघतो आणि त्यात जुन्या विद्यार्थ्यांनी आपल्या एका हंगामाची आठवण लिहायची असते. मी आजवर टाळत आलो. गेल्या आठवड्यात ते स्वतः आले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "आबासाहेब, तुम्ही त्या दिवशी मध्ये पडलात, ते लिहा. निवृत्तीरावांचं नाव अंकात येऊ दे. आणि तुम्ही काय केलंत, तेही येऊ दे."

बोलता बोलता ते डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर ठेवत होते. तो हात कोपराखाली वाकडा जुळलेला आहे. मग खाली बघून, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले की, मी ती जागा दाखवली नसती तर तो माणूस आज जिवंत असता; मी मेल्यावरही हे माझी पाठ सोडणार नाही.

मी त्यांना चहा दिला. लिहितो म्हणालो.

ते पहिल्यांदा आले तो हंगाम मंदीचा होता. गुळाला गिऱ्हाईक नव्हतं. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेली गावोगावची पोरं परत आली होती आणि चावडीवर बसून आम्हा बागायतदारांना टोमणे मारत होती. दौंडहून येणाऱ्या छोट्या गाडीतून यशवंत उतरला तो सायकल खांद्यावर घेऊनच. अर्धी चड्डी, डोक्यावर पांढरी टोपी, पाठीला पिशवी. स्टेशनावरच त्यानं विचारायला सुरुवात केली: शेतकीची पदवी घेतलेलं इथं कोण कोण आहे. आमचा गडी रामा धान्याची पोती उतरवायला गेला होता, तो त्याला बैलगाडीत घालून घेऊन आला आणि मला म्हणाला, "सरकारनं पुन्यांदा खानेसुमारी लावली का काय, आबासाहेब? ह्यो बाबा मानसं मोजत हिंडतोय. म्या इचारलं, बैलं न्हाईत का मोजायची?"

पोरगा हसला. लाजला नाही. चार दिवस तो आमच्याकडे राहिला. सकाळी भाकरी बांधून घ्यायचा, सायकलवर टांग टाकायची आणि कालव्याच्या कडेकडेनं निघायचं. कुठं कालव्यावरचा इन्स्पेक्टर, कुठं मामलेदार कचेरीतला कारकून, कुठं नुसतं घरचं शेत करणारा, अशी आमच्या विभागाची माणसं तो वेचून काढत होता. संध्याकाळी येऊन मला एकेकाची हकिगत सांगायचा. कुणी त्याला गूळ बांधून दिला होता, कुणी कुत्रं अंगावर सोडलं होतं. त्याच्या बोलण्यानं मला आमचे प्रोफेसर आठवायला लागले. धोतराचा काचा मारून ते स्वतः सरीत उतरत. उसाच्या कांडीचे डोळे दोन्ही कुशींना ठेवायचे, वरखाली नाही, हे त्यांनी आमच्या हातून शेकडो वेळा करून घेतलं होतं. आणि त्यांची एक खास पद्धत होती. प्रत्येक सरीच्या डोक्याशी मूठभर जागेत चार-सहा कांड्या जादा, दाटीनं लावायच्या. पुढं मध्ये कुठं कांडी उगवली नाही की या दाटीतलं रोप उचलून तिथं नांगी, म्हणजे मोकळी जागा, भरायची. आमच्या भागात हे कुणी करत नसे. लोक हसत. माझ्या स्वतःच्या मळ्यातसुद्धा ती पद्धत माझ्यामुळे आली नव्हती. ती निवृत्तीनं आणली.

निवृत्ती माझ्या मागच्या वर्गातला. हुशार, गरीब घरचा, आमच्या जातीचा नव्हे. नवा ऊस करायचा तर शिकलेला माणूस हवा म्हणून मीच त्याला मळ्यावर घेऊन आलो. जेवायला तो आमच्यात बसायचा. हे मी त्या वेळी मोठ्या कौतुकानं लोकांना सांगत असे.

माझी धाकटी बहीण गोदा लग्नानंतर दोन पावसाळ्यांतच विधवा होऊन घरी आली होती. आमच्या घरात विधवेनं पुन्हा लग्न करायची रीत नव्हती; मोठ्यानं हसायचीही नव्हती. तिचं हसणं नदीकाठच्या पक्ष्यासारखं, एकदम सुटणारं. वडील वारल्यावर ते थांबवण्याचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते केलं. एकदा ती बायकांत बसून हसली म्हणून मी दाराच्या कडीनं तिच्या पाठीवर मारलं होतं. निवृत्ती त्या दिवशी दारात उभा होता. पुढच्या पावसाळ्यात दोघंही नाहीशी झाली.

मी माणसं पाठवली, पंढरपूर पाहिलं, नगर पाहिलं, पुणे पाहिलं. सापडली नाहीत. मग गावासमोर त्यांच्या नावानं आंघोळ केली आणि घरात सांगितलं की ती मेली. रामा त्या आंघोळीला पाणी ओतत होता. ओतता ओतता म्हणाला की सापडू द्या, मग बघा. मी त्याला गप्प बसायला सांगितलं नाही.

यशवंतला यातलं काही ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी तो इंदापूरच्या बाजूनं परत आला तो धापा टाकतच. सायकल अंगणात आडवी टाकली, लोटाभर पाणी प्यायला आणि सांगू लागला. कालव्याच्या अगदी शेपटाला, जिथं पाणी पोचतं न पोचतं, तिथं एक लहानसा उसाचा तुकडा आहे. त्या रानात प्रत्येक सरीच्या डोक्याशी ऊस दाट उभा. कांडी उकरून पाहिली, तर खुंटाचे डोळे दोन्ही कुशींना. तिथल्या माणसानं जे नाव सांगितलं ते विभागाच्या यादीत नाही. कॉलेज कसलं, आम्ही अडाणी माणसं, म्हणाला.

"पण आबासाहेब," यशवंत म्हणाला, "तो माणूस आपला आहे. हे हात आपल्या प्रोफेसरांनी वळवलेले आहेत. काही अडचणीत असेल, लाजत असेल. तुम्ही आलात तर तुमच्याशी बोलेल. मला त्याला विभागात परत न्यायचंय."

घरात आणखी कोण कोण आहे, मी विचारलं. बाई आहेत, तो म्हणाला, आणि एक लहान मुलगा. बाईंनी मला रस दिला. फार छान हसतात.

मी येतो म्हणालो. आज लिहिताना मला माझा तो आवाज ऐकू येतो. अगदी शांत होता. यशवंतला इतका आनंद झाला की त्यानं वाकून नमस्कार केला.

त्याच दिवशी गोठ्यात जाऊन मी रामाला सांगितलं. बाभळीची काठी गाडीतल्या कडब्याखाली ठेव. तिथं गेल्यावर लांब बस. मी फेटा काढून मांडीवर घेतला की उठायचं. त्याच्या आधी उठायचं नाही. रामानं मान डोलावली. किती मारायचं ते त्यानं विचारलं नाही आणि जीव घेऊ नको असंही मी सांगितलं नाही. पुढं मी स्वतःला पुष्कळ वेळा असं समजावलं की मला नुसता धाक दाखवायचा होता. बाभळीच्या त्या काठीला खाली लोखंडी बोंडी होती, हे मला माहीत होतं.

इंदापूरच्या रस्त्यानं गाडी चालली तेव्हा यशवंत सायकलवर पुढं जायचा आणि लिंबाच्या सावलीला थांबून आमची वाट बघायचा. आम्ही गाठलं की पुन्हा पुढं. शीळ घालत होता. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ज्वारी कणसात होती आणि राखण्या पोरांच्या गोफणींतून दगड सूं सूं सुटत होते. हवेत गारवा होता. दुपारच्या उन्हातही मी घोंगडी अंगावर ओढून बसलो होतो. हे मुद्दाम लिहितो आहे.

निवृत्तीचं गुऱ्हाळ म्हणजे एक लाकडी चरक, एक काहील, एक बैलजोडी. पाक शिजवणारा गुळव्या तोच, चरकावर तोच. मला गाडीतून उतरताना पाहून त्याच्या हातातलं लांब दांड्याचं उलथणं थांबलं. पळून जाईल असं मला वाटलं होतं. त्यानं उलथणं काहिलीवर आडवं ठेवलं, हात पुसले आणि पुढं आला. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस दिल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत वैऱ्यालाही लागू असते. त्यानं घोंगडं अंथरलं. चुलवणाची धग लागणार नाही एवढ्या अंतरावर, वाऱ्याच्या तोंडाला. मला बसवलं आणि स्वतः रस गाळून आणला, आलं ठेचून घातलेला. यशवंत मध्ये बसून एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होता. चार दिवसांच्या मेहनतीचं फळ त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

मग गोदा आली. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, कडेवर पोर. मला पाहून ती तिथंच थिजली. मी रसाचा घोट घेतला. पोर उतरून माझ्याजवळ आलं आणि माझ्या मिशीला हात लावून बघू लागलं. त्याच्या बोटांना काकवी लागलेली होती. त्या घटकेला, खरं सांगतो, मला वाटलं की रस प्यावा, उठावं आणि घरी जावं. रामाकडे पाठ करून गाडीत बसावं, एवढंच करायचं होतं.

पोरानं माझी मिशी ओढली आणि ओठावर काकवी लागली. मी तोंड वाकडं केलं असेन. ते बघून गोदा हसली. तोच आवाज, एकदम सुटलेला. भीतीनं ताणलेलं माणूस हसतं तसं हसली असेल, आज कळतं. पण त्या वेळी मला इतकंच दिसलं की मी जे मारून, कोंडून, आंघोळ करून संपवलं होतं ते इथं कालव्याच्या शेपटाला खुशाल जगत होतं. ती सुखात होती. तेच मला सोसलं नाही. अब्रू, जात, घराणं, लोक काय म्हणतील, ही सगळी नावं मी नंतर जोडली. मूळ इतकंच होतं.

मी फेटा काढला.

आमच्याकडे माणूस दुसऱ्याच्या दारात फेटा उतरवतो तेव्हा तो हार मानतो, पदरात घ्या म्हणतो. निवृत्तीला तेच वाटलं. तो धावतच पुढं आला. फेटा पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवावा म्हणून त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाला, "नका, आबासाहेब. फेटा डोक्यावर असू द्या."

रामाची पहिली काठी त्याच्या कानशिलावर बसली तेव्हा त्याचे दोन्ही हात माझ्या डोक्याकडेच होते. वाळलेला भोपळा फुटावा तसा आवाज झाला. दुसरी गुडघ्यांवर. तो भेलकांडत मागं मागं काहिलीपर्यंत गेला. यशवंत किंचाळत मध्ये घुसला, त्यानं डावा हात आडवा घातला आणि तिसरी काठी त्या हातावर आली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. निवृत्तीला धरायला कुणी उरलं नाही. काहिलीतला पाक उतरायला आला होता, मोठे मोठे फुगे येत होते. तो कुशीवर पडला, त्या पाकात, खांद्यापासून कमरेपर्यंत. उकळतं पाणी असेल तर माणूस ओला होऊन बाहेर येतो. गुळाचा पाक अंगाला धरतो. सोडत नाही. गोदानं उघड्या हातांनी त्याला बाहेर ओढलं आणि तिच्या तळव्यांची कातडी त्याच्या पाठीला चिकटून राहिली.

तेव्हा मी उठलो. "अरे थांब," असं ओरडत धावलो, रामाच्या हातातली काठी हिसकली आणि तीच त्याच्या डोक्यात घातली. रक्त त्याच्या डोळ्यांत उतरलं. त्या रक्तातून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मारलेल्या बैलाच्या डोळ्यांत दिसतं तेवढंच त्याच्या डोळ्यांत होतं: काय चुकलं, ते त्याला कळत नव्हतं.

मोडलेला हात छातीशी धरून जमिनीवर पडलेल्या यशवंतनं एवढंच पाहिलं होतं. पुढं कोर्टात शपथेवर त्यानं ते सांगितलं. आबासाहेब धावले, आबासाहेबांनी काठी हिसकली, ते नसते तर आम्ही कुणीच वाचलो नसतो. इतक्या निर्मळ पोराची साक्ष कोण खोटी म्हणेल? रामा कोर्टात एक शब्द बोलला नाही. मालकाच्या घरची अब्रू गेली म्हणून गड्याचं डोकं फिरलं, असं ठरलं. तो येरवड्याला गेला. त्याच्या घरी मी धान्य पोचवत राहिलो आणि लोकांनी त्यालाही माझं मऊ मन म्हटलं.

निवृत्ती आठवडाभर तळमळला. केळीच्या पानावर निजवलेला असायचा, अंगाला माशा बसू नयेत म्हणून गोदा कापडात गुंडाळलेल्या हातांनी वारा घालायची. शेवटी भीमेच्या काठी, पळसदेवच्या देवळापासून थोड्या अंतरावर त्याला अग्नी दिला. मी खांदा दिला. नदीवरून वारा आला आणि चितेचा वास गुळासारखा होता. कुणी तसं बोललं नाही, पण प्रत्येकानं उपरण्यानं नाक झाकलं.

रामा सुटून आला आणि कामाला लागला. पूर्वी बोलबोल बोलायचा, आता जनावरांशीही बोलत नाही. दोन हंगामांपूर्वी मी मळ्यात एकटा उभा असताना तो जवळ आला. बराच वेळ उसाचं पान बोटाला गुंडाळत राहिला आणि म्हणाला, "आबासाहेब, येक इचारू का? त्या दिशी उकडत व्हतं का?"

मला कळलं नाही असं मी दाखवलं.

"म्हंजी," तो म्हणाला, "तुमी उकडतंय म्हनून फेटा काढला, आन मी येड्यावानी उठलो, असं तर झालं न्हाय ना? जेलात मला ह्येच दिसायचं. तुमी मला नंतर मारलं. म्हंजी मी चुकलो असनार."

मी म्हणालो, "हो रे. उकडत होतं."

मी निवृत्तीला मारवलं, त्याला हंगामाच्या रागाचा, रक्ताचा, घराण्याचा काही आडोसा तरी होता. या चार शब्दांना कसलाच आडोसा नाही. भर दिवसा, थंड डोक्यानं, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत मी ते घातले. आणि तो "बरं" म्हणून वैरणीला निघून गेला. एका माणसाला वाटतं, मी जागा दाखवली म्हणून तो मेला. दुसऱ्याला वाटतं, मला खूण कळली नाही म्हणून तो मेला. मी दोघांच्या मध्ये बसून चहा पितो आणि गावाच्या पंचांत मला पुढची बैठक मिळते.

तेव्हा, यशवंतराव, लिहून देतो. तुम्ही दाखवली ती तुमच्या विभागातल्या एका माणसाची जागा. तिथं काठी मी नेली. रामा, तू चुकला नाहीस. त्या दिवशी उकडत नव्हतं.

इथवर लिहून झालं होतं; पुढचं मागाहून जोडतो आहे. काल यशवंतराव लेख न्यायला आले. पोस्टानं पाठवायचं धाडस मला नव्हतं. पाठवलं असतं तर वाटेत परत मागवलं असतं. मी रामालाही बोलावलं. तो फडातून तसाच आला, कोयता हातात. बांधावर दोघांना बसवून मी पहिल्यापासून वाचून दाखवलं. मध्ये थांबलो नाही. वाचून झालं तेव्हा चरकही थांबला होता, बैल सोडले होते.

रामा कोयत्याची मूठ धरून उभा राहिला. तो पुढं येईल तर हलायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. तो पुढं आला नाही. पुटपुटला, "म्हंजी मी चुकलो न्हवतो." पुन्हा एकदा तेच म्हणाला. एका माणसाचा जीव घेतलेल्या त्या गड्याच्या तोंडावर सुटल्याचा जो भाव आला तो पाहण्यापेक्षा कोयता परवडला असता. मग त्यानं मला शिवी दिली, बायको-पोरांसमोर देता येणार नाही अशी, आणि कोयता उसात भिरकावून तो बांधावरून चालत गेला. घरी गेला नाही. आज कामालाही आला नाही.

यशवंतरावांनी मला मारलं. त्या मवाळ माणसानं उजव्या हाताची मूठ वळून माझ्या तोंडावर मारली, एकदा, मग पुन्हा. दात पडला. तोंडात रक्ताची चव आली. त्यांनी कागद गोळा केले, घडी केली, पिशवीत घातले आणि म्हणाले, "हे मी छापणार. पण गोदाताईंना हे छापील वाचायला लागता कामा नये. उठा. तुम्ही तोंडानं सांगायचं."

आज सकाळी आम्ही इंदापूरच्या बाजूला गेलो. तोच तुकडा, सरीच्या डोक्याशी ऊस तसाच दाट. यशवंतराव दरवर्षी लागणीला तिथं जातात, हे मला तिथं गेल्यावर कळलं. गोदा काहिलीवर होती. तळव्यांची कातडी गुळगुळीत, चकचकीत आहे. उलथणं ती मनगटांनी धरते. माझ्या सुजलेल्या तोंडाकडे तिनं पाहिलं आणि रसावरची मळी काढत राहिली. मी उभ्यानंच सांगितलं. काठी, कडबा, फेटा, तिचं हसणं. सगळं.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "मी तुझ्याच तोंडाकडं बघत व्हते. फेटा काढलास आन रामाकडं बघितलंस."

यशवंतरावांनी पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं की ताई, हे कोर्टात का नाही सांगितलंत? इतकी वर्षं मला तरी का नाही?

तिनं उलथणं काहिलीवर आडवं ठेवलं आणि माझ्याकडे वळली.

"बोलले असते," ती म्हणाली, "तर माझं पोर जितं ठिवलं असतंस का, दादा?"

मी पोराकडे पाहिलं. आता मोठा झाला आहे. मान खाली घालून चरकात ऊस सारत होता, दोन्ही हात शाबूत.

"न्हाय," मी म्हणालो. "ठिवलं नसतं."